बारा बाय पंधराच्या खोलीत केवढा आवाज मावतो?

सेमाडोहच्या आमच्या घरातली एक खोली गेल्या वर्षी रिकामी झाली आणि घरात वाद सुरू झाला. खोली बारा फूट बाय पंधरा फूट, उंची साधारण दहा फूट. भिंती मातीच्या, हातभर जाड. वर टिनाचे पत्रे. आधी तिथं ज्वारीची पोती असायची आणि अण्णांच्या शाळेच्या जुन्या कागदांची ट्रंक. मी अमरावतीत नोकरी करतो, शनिवार-रविवार गावी येतो. या खोलीत फक्त गाणं ऐकायचं, टीव्ही नाही, मोबाइल नाही, असं मी ठरवलं. मोबाइलचं तसंही आमच्याकडे रेंजच ठरवते.

पैसे जमवले होते. अमरावतीच्या एका दुकानात दोन जोड्या ऐकून आलो होतो. पहिली जोडी लहान, पाच इंची वूफरची, पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढी. दुसरी कमरेएवढ्या उंचीची, आठ इंची वूफरची, जमिनीवर उभी राहणारी. मोठीची किंमत लहानच्या दुपटीहून थोडी जास्त. दोन्हींचे फोटो अण्णांना दाखवले.

लहान जोडी पाहून अण्णा म्हणाले, "एवढासा डब्बा? याच्यातून काय आयकू येईन?"

मग मोठीचा फोटो बराच वेळ हातात धरून बसले. "जिंदगीभर बोटाएवढ्या ट्रान्झिस्टरवर आयकलं रे. आता घेतंच आहेस त मोठा घेजो."

आई आतून म्हणाली, "त्याच्यावरची धूळ कोन पुसन, ते आधी ठरवा."

मी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण अण्णांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. शहात्तर वर्षांचा माणूस आयुष्यभर लहान आवाजात ऐकत आला आहे आणि आता त्याला मोठा आवाज हवा आहे. त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू की लहानच बरा? म्हणून मी वाचायला बसलो. स्पीकर लहान की मोठा, हा प्रश्न पहिल्यांदा कुणाला पडला, कसा पडला, त्याचं उत्तर कुणी काय दिलं. वाचता वाचता गोष्ट भलतीकडेच गेली.

आवाजाला बटण नव्हतं तेव्हा

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा माणूस, फ्रेड गैसबर्ग, यानं कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, वीजही लागत नव्हती. गायकानं एका कर्ण्यात तोंड घालून गायचं. त्या आवाजानं एक पडदा हलायचा, पडद्यानं सुई हलायची आणि सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. घरी वाजवताना हेच उलट: तबकडीनं सुई हलायची, सुईनं पडदा, आणि पडद्यापुढचा कर्णा तो आवाज खोलीत सोडायचा.

या चावीच्या बाज्याला आवाज कमी-जास्त करायचं बटण नसायचं. सुया मात्र वेगवेगळ्या मिळत, 'लाउड' वेगळी आणि 'सॉफ्ट' वेगळी. खरा फरक पाडायचा तो कर्णा. कर्णा जितका लांब आणि तोंडाशी जितका रुंद, तितके खालचे सूर बाहेर यायचे. म्हणजे 'मोठा की लहान' हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता आणि त्याचं उत्तरही सोपं होतं. ज्याच्याकडे जागा आणि पैसा, त्याचा कर्णा मोठा.

गंमत अशी, की तबकडीत खालचे सूर मुळात फारसे उतरतच नव्हते. त्या काळच्या मुद्रणात ढोबळमानानं मधल्या पट्टीतला आवाज तेवढा पकडला जाई. तबल्याचा डग्गा, तानपुऱ्याचा खर्ज, मोठा ढोल हे सगळं जवळपास गळून जाई. राहायचा तो माणसाचा गळा. जुन्या रेकॉर्ड ऐकताना गाणाऱ्याच्या मागं कुणी साथ करतंय की नाही असं वाटतं, त्याचं कारण हे. तरीसुद्धा लोक त्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकत. एका बाजूला साधारण तीन मिनिटं. तेवढ्यात राग मांडायचा आणि संपवायचा.

सहा इंचांचा कागद

१९२५ साली दोन गोष्टी घडल्या. एक, मायक्रोफोन आणि विजेच्या मदतीनं ध्वनिमुद्रण सुरू झालं. दोन, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्ण्याशिवाय चालणाऱ्या स्पीकरवर निबंध वाचला. तुमच्या कानातल्या इअरफोनपासून लग्नातल्या डीजेपर्यंत बहुतेक सगळे स्पीकर आजही त्याच तत्त्वावर चालतात.

तत्त्व साधं आहे. चुंबकाच्या फटीत तारेचं एक हलकं वेटोळं ठेवायचं. त्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह सोडला की वेटोळं पुढं-मागं हलतं. वेटोळ्याला कागदाचा शंकू चिकटवलेला असतो. शंकू हवेला ढकलतो, आणि हवा आपल्या कानाला. राइस-केलॉग यांचा शंकू सहा इंचांचा होता. म्हणजे माझ्या दोन पर्यायांच्या मधला!

पण इथं एक अडचण होती. शंकू पुढं सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. उघडा स्पीकर हातात धरून वाजवला तर पुढची लाट आणि मागची लाट कडेनं वळून एकमेकींना मारतात. वरच्या सुरांना याचा त्रास कमी, खालच्या सुरांना फार. म्हणून स्पीकरला फळी किंवा खोकं लागतं. ते शोभेसाठी नसतं, मागची लाट अडवण्यासाठी असतं. आणि लाट जितकी लांब, तितकी फळी मोठी हवी.

लाटेची लांबी काढणं सोपं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. शंभर हर्ट्झच्या सुराची लाट त्यामुळे ३.४ मीटर लांब. चाळीस हर्ट्झची साडेआठ मीटर, म्हणजे आमच्या खोलीच्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट. इतक्या लांब लाटा खोक्यात कोंडायच्या तर खोकं कपाटाएवढं झालं तर नवल नाही. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली खोलीच्या कोपऱ्यात बसवायचा स्पीकर विकायला काढला, तो खरोखरच कपाटाएवढा होता. खोलीच्या भिंतींनाच त्यांनी कर्ण्याचा शेवटचा भाग बनवलं होतं. डोकं मोठं अफाट, पण त्यासाठी घरात दोन मोकळे कोपरे हवेत.

एक रेडिओ, वीस माणसं

आपल्याकडे तेव्हा प्रश्नच वेगळा होता. २३ जुलै १९२७ ला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं, नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ साली. पण रेडिओ घेणं म्हणजे लग्नाइतका खर्च. वर लायसन्स. पोस्टात जाऊन दरवर्षी फी भरायची, पुस्तिकेवर तिकीट चिकटवून घ्यायचं. अण्णांच्या ट्रंकेत ती पुस्तिका अजून आहे.

खेड्यात रेडिओ आला तो कुणा एकाच्या घरी नव्हे, चावडीवर किंवा शाळेत. या बाबतीतला एक मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालवली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. प्रत्येक गावात वीसेक माणसं एका रेडिओभोवती बसायची, ऐकायची, मग त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवायची. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याची पाहणी केली. प्रयोग यशस्वी ठरला आणि पुढं देशभर नेला गेला.

त्या पाच जिल्ह्यांत अमरावती नव्हतं, असूही शकत नव्हतं. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत वऱ्हाड मध्य प्रदेशात होता. पण रेडिओभोवती गोळा होणं मेळघाटातही होतंच. अण्णा सत्तरच्या दशकात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक म्हणून इकडे आले. मूळ गाव दर्यापूरकडचं, काळ्या मातीचं आणि सपाट. इकडे आले तर सगळा डोंगर, साग आणि सिपना नदी. गावात बहुतेक कोरकू घरं. अण्णांना कोरकू येत नव्हती आणि पोरांना मराठी येत नव्हती. दोघांनाही जवळचा असा एकच बोलणारा होता, तो म्हणजे अण्णांचा ट्रान्झिस्टर.

संध्याकाळी तो शाळेच्या ओट्यावर ठेवायचा. त्याच्या स्पीकरचा घेर तीन इंच असेल. पंधरा-वीस माणसं बसायची. बातम्या लागल्या की सगळे गप्प. गाणं लागलं की पोरं पुढं सरकायची. "मागच्याले आयकू येत होतं का?" असं मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "तेव्हा गावात दुसरा आवाजच कोनता होता?"

या उत्तरात हायफायच्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण आहे. आवाज किती मोठा लागतो हे स्पीकरवर नाही, आजूबाजूच्या शांततेवर ठरतं.

न्यूयॉर्कचा मास्तर

आता या गोष्टीतल्या मुख्य माणसाकडे येतो. त्याचं नाव एडगर विलचर. जन्म १९१७. न्यूयॉर्क विद्यापीठात तो ध्वनीच्या पुनर्निर्मितीवर एक वर्ग घ्यायचा. तोही मास्तरच, अण्णांसारखा.

विलचरनं पाहिलं की मोठ्या स्पीकरमध्येही खालचे सूर स्वच्छ येत नाहीत. कारण शंकूला जागेवर परत ओढून आणणारी जी लवचीक किनार असते, ती शंकू जास्त हलला की नीट वागत नाही. थोडं ओढलं तर थोडं ताणते, जास्त ओढलं तर भलतंच. मग त्यानं उलटा विचार केला. किनार अगदी ढिली ठेवायची आणि खोकं हवाबंद करायचं. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करील. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करून दांडा दाबून पाहा, हात सोडला की दांडा मागं येतो. हवेची ही स्प्रिंग रबरापेक्षा किती तरी इमानदार असते. आणि हवा स्प्रिंगसारखी वागायला हवी असेल तर खोकं मोठं नाही, लहानच लागतं!

१९५४ साली विलचरनं हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याला घेऊन अकूस्टिक रिसर्च नावाची कंपनी काढली. त्यांचा पहिला स्पीकर, एआर-१, कपाटात बसेल एवढा होता आणि त्यातून येणारे खालचे सूर भल्यामोठ्या खोक्यांना लाजवणारे होते. पुढं या कंपनीनं सभागृहात तंतुवाद्यांच्या चौकडीला बसवून प्रयोग केले. मधूनच वादक वाजवायचं थांबून नुसतं वाजवल्याचं सोंग करायचे आणि स्पीकर सुरू व्हायचे. ऐकणाऱ्यांना कधी बदल झाला ते ओळखणं जड जायचं.

वेळही बरोबर साधली गेली. १९५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. स्टीरिओ म्हणजे एकाऐवजी दोन स्पीकर. घरात कपाटाएवढी दोन खोकी कोण ठेवणार? लहान खोक्याचं राज्य सुरू झालं.

पण फुकट काही मिळत नाही. क्लॉसनं पुढं दुसरी कंपनी काढली, केएलएच. त्यातल्या 'एच'चा धनी होता अँटन हॉफमन. त्याच्या नावानं ओळखला जाणारा एक नियम स्पीकर बनवणाऱ्यांना तोंडपाठ असतो. तीन गोष्टी आहेत: लहान खोकं, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज. यातल्या कुठल्याही दोन घ्या, तिसरी सोडावी लागेल. विलचरनं लहान खोकं आणि खर्ज घेतला, वीज जास्त खर्चली. क्लिप्शनं खर्ज आणि कमी वीज घेतली, घर भरून टाकलं. आणि अण्णांचा ट्रान्झिस्टर? त्यानं लहान खोकं आणि कमी वीज घेतली, खर्ज सोडून दिला. चार सेलवर महिनाभर चालायचं तर दुसरा इलाज नव्हता.

सत्तरच्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनीही लहानच वाट धरली. बाहेरच्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांच्याकडे व्हॅन असायच्या. व्हॅनमध्ये बसून आवाज तपासायला त्यांनी जेमतेम फूटभर उंचीचा एक स्पीकर तयार केला, एलएस३/५ए. त्यातला वूफर पाच इंची. खर्ज फार खोल नाही, पण माणसाचा आवाज असा की बोलणारा समोर बसलाय असं वाटावं. त्या पेट्यांना बऱ्याचदा सागाचं पातळ आवरण असायचं. हे वाचलं तेव्हा खिडकीबाहेर आमचा साग पावसात उभा होता, म्हणून हा तपशील विशेष लक्षात राहिला.

खर्जाचा हिशेब

आता घरच्या खोलीकडे. मला ऐकायचं काय आहे, हे आधी ठरवायला हवं होतं. घरातल्या कॅसेट आणि मोबाइलमधल्या फायली काढून पाहिल्या. बहुतेक ख्यालगायन, थोडं नाट्यसंगीत, सुरेश भटांच्या गझला, आणि अण्णांची भजनं.

पुरुष गायक साधारण काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास येतो. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झ. स्त्रियांचा सूर काळी चार-पाच धरला तर सगळंच आणखी वर. म्हणजे आपल्या मैफलीतला सगळ्यात खालचा सूर साधारण सत्तर हर्ट्झला थांबतो. त्याखाली जे उरतं ते पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रातला मोठा डबल बास, चर्चचा ऑर्गन, आणि डीजे.

माझी पाच इंची जोडी पासष्ट हर्ट्झपर्यंत नीट उतरत होती, आठ इंची पस्तीसपर्यंत. मधल्या तीस हर्ट्झसाठी मी दुप्पट पैसे मोजणार होतो आणि त्या तीस हर्ट्झमध्ये माझं जवळजवळ काहीच नव्हतं.

वर कानाची एक खुबी आहे. एखाद्या सुराचा तळ ऐकू आला नाही तरी त्याच्या वरची स्वरांची शिडी ऐकू आली, की मेंदू तळ स्वतः भरून काढतो. म्हणूनच तीन इंची ट्रान्झिस्टरवर पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटायचा. अण्णांनी आयुष्यभर जो खर्ज ऐकला तो रेडिओतून येतच नव्हता. तो त्यांनी स्वतः लावला होता.

मग खोलीचा हिशेब. प्रत्येक खोलीला स्वतःचे सूर असतात. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये लाट अडकली की ती घुमते. पंधरा फुटांच्या लांबीचा सूर साडेसदतीस हर्ट्झ, बारा फुटांचा सत्तेचाळीस, दहा फुटांच्या उंचीचा छप्पन. आठ इंची स्पीकर नेमका इथं जोर लावणार आणि खोली घुमणार. पाच इंची त्याच्या वरच थांबणार.

कागदावर हे पटलं, तरी खात्री करायची होती. गावात एका ओळखीच्या पोराचा डीजे आहे. लग्नाच्या हंगामात त्याला दम नसतो, पण तेव्हा पावसाळा होता. त्याला म्हटलं, एक बेसचा डबा आमच्या खोलीत लावून दाखव. त्यानं दोघांच्या मदतीनं तो आत आणला. पहिल्या ठोक्यालाच वरचे पत्रे असे खडखडले, की आईला वाटलं वानर चढलं. गाणं बाजूला राहिलं, आम्ही पत्रेच ऐकत होतो. अण्णा हसले, पण त्यांचं मत बदललं नाही. "तो डीजेचा हाय. दुकानातला तसा नसन."

राहिला विजेचा प्रश्न. आमच्याकडे वीज येते-जाते, म्हणून घर इन्व्हर्टरवर. पण त्याचीही भीती नव्हती. लहान जोडी एका वॅटला एक मीटरवर ८५ डेसिबल देते. अडीच मीटरवर बसलं तर त्यातले आठेक कमी होतात, दोन स्पीकर म्हणून थोडे परत मिळतात. म्हणजे एका वॅटमध्ये ऐंशीच्या जवळपास. मेळघाटातल्या रात्री तेवढा आवाज अंगणाबाहेर जातो. पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला तर मात्र पाच इंचीही हरतो आणि आठ इंचीही. जुलैमध्ये सेमाडोहात फक्त पाऊसच ऐकायचा असतो.

सोड की फोड

हिशेब सगळे लहान जोडीकडे झुकले. पण अण्णांना मोठा आवाज का हवा होता, हे मी अजून विचारलंच नव्हतं. मी धरून चाललो होतो की हा हौसेचा भाग आहे. ठेकेदाराच्या घरी मोठा डेक होता, आपल्याकडे ट्रान्झिस्टर, असं काही तरी मनात राहिलेलं.

तेवढ्यात एक दिवस आई त्यांना म्हणाली, "दार सोडा, मी येते," आणि अण्णा चिडून म्हणाले, "दार कायले फोडू?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. मग माझ्या लक्षात आलं की फोनवर ते हल्ली सारखं "काय? काय?" करतात, आणि नातवंडांशी बोलणं टाळतात. विचारलं तर म्हणाले, "मले आयकू येते सारं. तुमीच लोकं पुटपुट बोलता."

अमरावतीला नेऊन कानाची तपासणी केली. वयानुसार होतं तसंच होतं. खालचे सूर जवळपास शाबूत, दोन हजार हर्ट्झच्या वर मात्र आलेख उतरत गेलेला. 'अ', 'ओ', 'आ' हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. 'स', 'फ', 'थ' ही व्यंजनं वरच्या पट्टीत, ती गळतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. अशा माणसाला आठ इंची वूफर घेऊन देणं म्हणजे जे ऐकू येतं तेच आणखी मोठं करून देणं.

श्रवणयंत्रांबद्दल वाचायला लागलो आणि समोर पुन्हा तेच नाव आलं: एडगर विलचर.

१९६७ साली विलचरनं आपली कंपनी विकली आणि तो श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळला. तेव्हाची यंत्रं सगळाच आवाज सारखा मोठा करायची. कुजबुज मोठी व्हायची तसं भांडं पडल्याचा आवाजही, आणि तो कानात सुरीसारखा घुसायचा. कारण अधू कानाचं दुखणं विचित्र असतं. बारीक आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. मधली जागा आकसलेली असते. विलचरनं सुचवलं की आवाजाचे पट्टे वेगळे करा आणि प्रत्येक पट्ट्यात बारीक आवाज जास्त वाढवा, मोठा कमी वाढवा. १९७३ साली त्यानं हे संशोधन प्रसिद्ध केलं. पेटंट घेतलं नाही, ज्याला वापरायचं त्यानं वापरावं म्हणून. आज बाजारातली बहुतेक श्रवणयंत्रं हेच करतात. २०११ साली, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन तो गेला.

ज्या माणसानं मोठ्या आवाजासाठी मोठं खोकं लागत नाही हे दाखवलं, त्यानंच पुढं ऐकू येण्यासाठी नुसता मोठा आवाज पुरत नाही हे दाखवलं. मी अण्णांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "मास्तर होता म्हनतोस?"

"हो."

"मंग बरोबर असन."

आठ वर्षांचा पोरगा

लहान जोडी घेतली. उरलेल्या पैशांत आणखी थोडी भर घालून श्रवणयंत्र घेतलं. यंत्राची सवय व्हायला दोन महिने लागले. पहिले काही दिवस अण्णा ते डबीतच ठेवायचे. पानांची सळसळ फार होते म्हणायचे. ती किती वर्षांनी ऐकू येत होती कुणास ठाऊक.

खोलीत भिंतीपासून हातभर पुढं, कानाच्या उंचीला, सागाच्या दोन घडवंच्यांवर स्पीकर ठेवले. मागच्या भिंतीला जुनी गोधडी टांगली. पहिल्या रात्री मी ख्याल लावला. तानपुरा चांगला लागला. होळीला पलीकडच्या टोल्यातून ढोल येतो, तसा पोटात वाजणारा ढोल या पेट्यांतून कधी येणार नाही, हे मला मान्य आहे. तो ऐकायचा तर होळीला बाहेर जायला हवं.

दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "गाडगेबाबाचं हाय का तुह्याजवळ?"

होतं. गाडगेबाबांच्या अखेरच्या वर्षातल्या, १९५६ सालच्या एका कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आज कुणालाही मोबाइलवर मिळतं. त्याच वर्षी डिसेंबरात ते अमरावतीजवळ वारले. आवाज खरखरीत, मागं गर्दी, खर्ज नाही, झगमग नाही. असं मुद्रण मोठ्या स्पीकरवर लावलं तर फक्त खरखर मोठी होते.

अण्णांचा जन्म १९४८ चा. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ऋणमोचनच्या यात्रेत त्यांनी बाबांचं कीर्तन ऐकलं आहे, असं ते सांगतात. शब्द आठवत नाहीत, माणसांचा समुद्र आठवतो. मी विचारलं, "एवढ्या मागं बसून ऐकू कसं यायचं?"

ते म्हणाले, "बाबा सवाल इचारे. पुढचे लोकं जवाब देत. जवाब आयकला का मागच्याले सवाल समजे."

ध्वनिमुद्रण लावलं. बाबा विचारत होते, गर्दी उत्तर देत होती. अण्णा आधी खुर्चीत मागं टेकून बसले होते. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली, एकदा, मग आणखी एकदा, स्पीकरपासून जेमतेम दीड मीटरवर. मी आवाज वाढवायला उठलो तर हातानंच नको म्हणाले.

पुढचा सवाल आला. गर्दीनं जवाब दिला. आणि गर्दीच्या मागून, अर्धा क्षण उशिरा, आमच्या खोलीतून अण्णांनीही दिला.